पहिली मॅमोग्राफी : काही होत नसताना करायची तपासणी

हा लेख जिला काहीच त्रास नाही अशा बाईसाठी आहे. गाठ नाही, दुखणं नाही, घरात सगळं ठीक चाललंय. पण चाळिशी ओलांडली किंवा पन्नाशी आली, डॉक्टरांनी नाहीतर लेकीने "एकदा मॅमोग्राफी करून घे" म्हटलं, आणि ती चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधण्यासाठी काढलेला स्तनांचा एक्स-रे. मी त्या मशीनवर काम करणारी टेक्निशियन आहे, पुण्यात. आमच्याकडे येणाऱ्यांत हाताला गाठ लागल्यावर धावत आलेल्या बायका खूप, आणि निवांतपणे, काही होत नसताना आलेल्या थोड्या. ही दुसरी रांग मोठी व्हावी असं मला फार वाटतं. ती मोठी होत नाही याला पैसा आणि वेळ ही कारणं आहेतच, पण आत नक्की काय होतं हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, हेही एक मोठं कारण आहे. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी : तुमची तपासणी खरंच रूटीन आहे का?

अंघोळीच्या वेळी एक मिनिट आरशासमोर उभ्या राहा. गाठ लागते का, एका बाजूची कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड नव्याने आत गेलंय का, त्यातून रक्त किंवा पाणी येतंय का, काखेत काही सुजलंय का, हे बघा. यातलं काहीही असेल तर रूटीन तपासणीची तारीख घेत बसू नका. सरळ सर्जनकडे किंवा तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असं अजिबात नसतं. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी सुरुवातीला दुखत नाहीत.

हे आधीच का सांगतेय? तक्रार असलेल्या बाईची मॅमोग्राफी वेगळ्या पद्धतीने होते. त्या जागेचे जास्तीचे फोटो काढतात, लगेच सोनोग्राफी करतात, रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर, नेमकी तीच जागा शोधून बघतात. तुम्ही "काही नाही, रूटीनच" म्हणून आलात आणि गाठीचा उल्लेखच केला नाहीत, तर ती सोय हुकते. शिवाय मॅमोग्राफी सगळं पकडते असंही नाही. साधारण आठ कॅन्सरांपैकी एक तिच्या नजरेतून सुटतो. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला तरी हाताला लागणारी गाठ डॉक्टरांना दाखवायचीच.

कोणत्या वयात, किती वर्षांनी

इथे बायका गोंधळतात, कारण प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. ब्रिटनमध्ये ५० ते ७१ या वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी करा असं सांगितलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफीच नाही. ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टरने हाताने तपासणी करायची, अशी ती योजना आहे. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ती मोफत होते. तुमच्या आशाताईंना विचारलंत तर दिवस कळेल.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा मोठा अभ्यास केला. त्यांतल्या एका गटाला प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या, अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तपासलेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही. मशीन जवळ नसलेल्या तालुक्यातल्या बाईने यातून एवढं घ्यावं, की मॅमोग्राफी जमत नाही म्हणून तपासणीच सोडायची नाही.

मग मॅमोग्राफी कधी? आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने कमी वयात दिसतो. म्हणून चाळिशी झाली की डॉक्टरांशी एकदा बोलून वय आणि अंतर ठरवून घ्या, आणि पन्नाशीनंतर टाळू नका, असं मी माझ्या बहिणींना सांगते. आई, बहीण, मावशी किंवा आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः कमी वयात, तर चाळिशीची वाट न बघता आधीच जा. तिशीतल्या बायकांचे स्तन बहुधा दाट असतात, मॅमोग्राफीत नीट दिसत नाहीत. त्यांना सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का, हे डॉक्टर ठरवतील.

लेकीकडे किंवा नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांसाठी एक गोष्ट. तिथे जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलेलं असेल तर पहिलं बोलावणं ५० ते ५३ या वयात आपोआप घरी येतं, आणि तपासणी मोफत असते. ते पाकीट बाजूला ठेवू नका. इथे मात्र कुणी पत्र पाठवत नाही. तारीख आपणच धरायची.

आणि दुसरी बाजूही माहीत असू द्या. काही कॅन्सर इतके संथ असतात की ते सापडले नसते तरी त्या बाईला आयुष्यात त्रास झाला नसता. पण एकदा सापडले की उपचार करावे लागतात. ब्रिटनमधल्या एका स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये हिशोब मांडला होता, की तपासणीमुळे एक जीव वाचतो त्यामागे साधारण तीन बायकांना असे, एरवी कळलेही नसते असे कॅन्सर सापडतात. हे वाचून तपासणी करायची नाही असं कुणी ठरवलं तर तो तिचा हक्क आहे. मी स्वतः करून घेते. पण निर्णय माहिती घेऊन व्हावा, भीतीने किंवा कुणी ढकललं म्हणून नको.

फोन करून तारीख घेताना

मॅमोग्राफी मोठ्या हॉस्पिटलांत, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या सेंटरमध्ये, मेडिकल कॉलेजला जोडलेल्या सरकारी रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागात होते. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये प्रतिबंधक तपासणीचा वेगळा विभाग आहे. १९५१ मध्ये सुरू झालेली इंडियन कॅन्सर सोसायटीही तपासण्या करते. खाजगीत मोठ्या शहरांत दीड-दोन हजारांपासून पुढे खर्च येतो, सेंटरप्रमाणे बराच फरक पडतो. आधी विचारून घ्या. पावती जपून ठेवा. जुन्या करप्रणालीत कर भरत असाल तर कुटुंबाच्या प्रतिबंधक आरोग्य तपासणीवर वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

फोनवर मी चार गोष्टी विचारायला सांगेन. फोटो काढणारी टेक्निशियन बाई आहे का? बहुतेक ठिकाणी असतेच, पण विचारायला संकोच नको. मशीन डिजिटल आहे का? गरज पडली तर सोनोग्राफी त्याच दिवशी, तिथेच होईल का? हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे धावपळ आणि मधली रात्र जागून काढायची. आणि रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडी देता का? काही ठिकाणी आता मोबाईलवर नुसती लिंक येते, ती काही महिन्यांनी उघडत नाही. एक्स-रेच्या प्रत्येक मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो भिंतीवर दिसला नाही तर मागायला हरकत नाही.

दोन गोष्टींपासून जपा. सोसायट्यांमध्ये, मंडळांच्या शिबिरांत स्तनाचा उष्णता-फोटो काढून "कॅन्सरची तपासणी" करून देतात. हात न लावता, न दाबता होतं म्हणून बायकांना ते बरं वाटतं, यात त्यांची काही चूक नाही. पण तो उष्णतेचा फोटो मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही तसा स्पष्ट इशारा दिलेला आहे. दुसरं म्हणजे हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए १५-३ नावाची रक्ततपासणी टाकलेली असते. ती उपचार चालू असलेल्या रुग्णांसाठी उपयोगाची, निरोगी बाईत कॅन्सर शोधण्यासाठी नाही. ती नॉर्मल आली म्हणून मॅमोग्राफी टाळलेल्या बायका मला भेटतात आणि जीव हळहळतो.

तारीख कोणती घ्यावी

पाळी येत असेल तर पाळी संपल्यानंतरचा आठवडा घ्या. पाळीच्या आधीच्या आठ दिवसांत स्तन जड आणि हुळहुळे असतात, तेव्हा दाब जास्त जाणवतो. पाळी गेली असेल तर कुठलाही दिवस चालेल. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर तारीख घेण्याआधीच सांगा. नुकतीच लस घेतली असेल तर तेही सांगा, कारण लसीनंतर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही दिवस सुजू शकतात आणि उगाच शंका येते.

सकाळी घरातून निघताना

उपाशी राहायचं नाही. चहा-नाश्ता करून या, रोजच्या गोळ्या घ्या.

अंघोळ करा, पण काखेत आणि छातीवर पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका. डिओमधले आणि पावडरमधले कण फोटोत बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात, आणि कॅन्सरच्या सुरुवातीला दिसणारे कॅल्शियमचे ठिपकेही तसेच असतात. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून स्तनाखाली पावडर लावायची सवय खूप जणींना असते. ती एक दिवस राहू द्या. चुकून लावलीच असेल तर आल्यावर सांगा, ओल्या कापडाने पुसून होतं.

कपडे वरचे-खालचे वेगळे असावेत. वनपीस किंवा मॅक्सी घालून आलात तर सगळंच उतरवावं लागतं. सलवार-कुर्ता उत्तम. साडीही अगदी चालते. पदर काढून ब्लाउज उतरवला की झालं, पुढे हुक असले तर आणखी सोपं. केस मोठे असतील तर वर बांधा, सोडलेले केस फोटोत येतात.

मंगळसूत्राबद्दल वेगळं लिहायला हवं. पुष्कळ काकू दारातच विचारतात, "काढावंच लागेल का गं?" लांब असेल तर ते मानेवरून पाठीमागे टाकून, रुमालात गुंडाळून ब्लाउजच्या पट्टीला नाहीतर गाऊनच्या नाडीला बांधता येतं, आणि फोटो स्वच्छ येतो. गळ्यालगतचं छोटं असेल तर बहुतेक वेळा आड येत नाही. अडलंच तर काढावं लागतं, दहा-पंधरा मिनिटांसाठी. त्यासाठी पर्समध्ये एक छोटी डबी किंवा रुमाल ठेवा. गळ्यातला ताईत, दंडाला बांधलेला गंडा, लांब कानातले, यांचंही तेच. मनात रुखरुख असेल तर टेक्निशियनला तसं सांगा. ती हसणार नाही.

सोबत जुने रिपोर्ट आणि फिल्म आणा. पहिलीच मॅमोग्राफी असली तरी पूर्वी कधी स्तनाची सोनोग्राफी झाली असेल, गाठ काढली असेल, बायोप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) झाली असेल, त्याचे कागद. घरात कुणाला कोणत्या वयात कॅन्सर झाला, हे आई-मावशीला विचारून चिठ्ठीवर लिहून आणलंत तर फारच छान. "आजीला पोटाचं काहीतरी होतं" एवढंच आपल्याला माहीत असतं, आणि ते पोटाचं म्हणजे कधीकधी अंडाशयाचं निघतं.

काउंटरवरचा फॉर्म

पहिली पाळी कोणत्या वयात, शेवटची कधी, मुलं किती, हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या का, ऑपरेशन झालं का, असे प्रश्न असतील. खरी उत्तरं द्या. मिस्टर किंवा सासूबाई शेजारी बसल्यात म्हणून काही लिहायचं राहिलं तर ते आत आल्यावर आम्हाला सांगा. पेसमेकर, केमोसाठी बसवलेलं पोर्ट, सिलिकॉनचे इम्प्लांट हे मात्र आधीच सांगायलाच हवं, कारण फोटो काढायची पद्धत बदलते. फ्रोजन शोल्डर असेल, हात वर जात नसेल तर तेही. पन्नाशीच्या मधुमेही बायकांमध्ये हे फार आढळतं, आणि दुसऱ्या फोटोच्या वेळी हात उचलावा लागतो.

आत गेल्यावर

खोलीत तुम्ही आणि टेक्निशियन, दोघीच. दार बंद असतं. सोबतचं माणूस बाहेर थांबतं. कमरेच्या वरचे कपडे काढून पुढून उघडणारा गाऊन घालायचा. एका वेळी एकच बाजू उघडी ठेवली जाते.

मशीन उभं असतं आणि त्यासमोर तुम्हीही उभ्या राहता. झोपायचं नसतं, बोगद्यात जायचं नसतं, सुई नसते. उभं राहणं जमत नसेल तर बसूनही होतं. प्रत्येक स्तनाचे दोन, असे एकूण चार फोटो निघतात.

पहिला फोटो वरून खाली. टेक्निशियन तुमचा स्तन हाताने उचलून एका सपाट प्लेटवर ठेवते. ती हात लावण्याआधी सांगेल, आणि सांगितलं नाही तर "सांगून करा ताई" म्हणायला हरकत नाही. प्लेट गार असते, पहिल्यांदा दचकायला होतं. तोंड एका बाजूला वळवायचं, त्या बाजूचा खांदा सैल सोडायचा. मग वरून एक पारदर्शक प्लेट हळूहळू खाली येते आणि दाबते.

का दाबतात, हे समजलं की दाब सोसायला सोपा जातो. मेथीची जुडी बांधलेली असताना आतली खराब काडी दिसत नाही, सोडून पसरली की लगेच दिसते. स्तनाचं तसंच आहे. थर पातळ झाला की एकावर एक आलेले भाग सुटे दिसतात, हालचाल थांबल्याने फोटो पुसट येत नाही, आणि किरणंही कमी लागतात. म्हणजे दाब नीट बसला तर फोटो परत काढायची वेळ येत नाही. दाब असतो काही सेकंद, फार तर दहा-पंधरा. "श्वास रोखा" म्हटलं की हलायचं नाही. टेक्निशियन काचेआड जाऊन बटण दाबते, आणि फोटो झाल्याझाल्या बहुतेक मशीनवर प्लेट आपोआप वर सुटते.

दुखतं का? खरं सांगते, काही जणींना नुसतं दाबल्यासारखं वाटतं आणि काही जणींना चांगलंच दुखतं. आकाराने लहान स्तन असले की कमी दुखतं असं नाही. दाब सहनशक्तीपलीकडे गेला तर "थांबा" म्हणा. आम्ही थांबतो, प्लेट सैल करतो, तुम्ही दोन श्वास घ्या, पुन्हा करू. दात-ओठ खाऊन खांदे आवळून उभ्या राहिलात तर स्नायू ताठ होतात आणि दुखणं वाढतं. खांदा जितका सैल, तितकं सोपं. मी प्रत्येकीला आधी एक लांब श्वास सोडायला लावते, तो सुटताना प्लेट खाली आणते.

दुसरा फोटो तिरका. मशीनच तिरकं होतं. हात उचलून मशीनच्या कडेवर टेकवायचा, मूठ धरायला दांडी असते, आणि प्लेटचा कोपरा काखेत येतो. हा कोपरा टोचतो, तक्रार बहुतेक याचीच असते. पण काखेजवळचा भाग आणि छातीचा स्नायू फोटोत यायलाच हवा, कारण तिथलं काही सुटून चालत नाही. दुसरा स्तन मध्ये येऊ नये म्हणून तो तुम्हाला तुमच्याच हाताने मागे धरायला सांगतील. अवघडल्यासारखं वाटतं, पण सगळ्यांनाच तसं करावं लागतं.

थ्रीडी मशीन असेल तर वरचा भाग कमानीत सरकतो आणि एका फोटोला थोडा जास्त वेळ लागतो. बाकी सगळं सारखंच. एखादा फोटो पुन्हा काढला तर लगेच घाबरू नका. कातडीची घडी पडली, थोडं हललं, कोपरा सुटला, अशी साधी कारणं असतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

दोन भीती इथेच बाजूला ठेवा. दाबल्याने कॅन्सर होत नाही आणि असलेला पसरत नाही. आणि किरणांचं म्हणाल तर एका मॅमोग्राफीत मिळणारा डोस सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट असतो, म्हणजे जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला सात आठवड्यांत जेवढा मिळतो तेवढा.

अजून एक. बायका आमच्या चेहऱ्याकडे बघत राहतात, "काही दिसलं का हो ताई?" आम्ही सांगू शकत नाही. आमचं काम नीट फोटो काढायचं, वाचतात रेडिओलॉजिस्ट. टेक्निशियन गप्प आहे याचा अर्थ काही सापडलं असा लावू नका.

घरी आल्यावर

त्वचा थोडी लाल दिसेल, दिवसभर ठणकल्यासारखं होईल. गरज वाटली तर पॅरासिटामोल घ्या. स्वयंपाक, ऑफिस, स्कूटर, सगळं लगेच चालू.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स नावाचा आकडा असतो. आधी तो शोधा. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे दिसलंय ते निरुपद्रवी आहे, साधं सिस्ट (पाण्याने भरलेली गाठ) किंवा जुना कॅल्शियमचा कण. ३ म्हणजे जवळजवळ नक्की साधंच आहे, कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू. हे सहा महिने विसरायचे नाहीत. ४ म्हणजे शंका आहे, सुईने तुकडा काढून तपासायला हवा. ५ म्हणजे शंका दाट आहे. ६ आधीच निदान झालेल्यांसाठी.

सगळ्यात जास्त रडू येतं ते ० बघून, आणि ते सगळ्यात कमी रडण्यासारखं आहे. शून्य म्हणजे माहिती अपुरी आहे, अजून एखादा फोटो किंवा सोनोग्राफी हवी. पहिल्या वेळी हे जास्त होतं, कारण ताडून बघायला जुना फोटो नसतो. ब्रिटनच्या तपासणीत १०० बायकांपैकी साधारण ४ जणींना परत बोलावतात, आणि त्या चौघींपैकी एकीला कॅन्सर निघतो. परत बोलावलं की बाई रात्रभर मुलांच्या लग्नाचा विचार करत बसते. तिला हा हिशोब कुणीतरी आधी सांगायला हवा.

रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी असंही लिहिलेलं असतं. तो स्तनाचा दाटपणा, आजार नव्हे. सी किंवा डी असेल तर मॅमोग्राफीत लहान गोष्टी लपू शकतात, म्हणून सोबत सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

बायोप्सी सांगितली तर ती टाळू नका. "सुई लावली की पसरतो" ही समजूत गावोगावी आहे, आणि तिच्यापायी महिने वाया जातात. ती खरी नाही. जागा बधिर करून सुईने बारीक तुकडे काढतात, त्याच दिवशी घरी सोडतात. कुठलंही निदान झाल्याशिवाय थेट गाठ काढून टाकायला कुणी सांगत असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

रिपोर्ट चांगला आला तरी तो घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारा, हाताने तपासून घ्या आणि पुढची तारीख विचारा. ती तारीख फिल्मच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पाकीट कपाटात सपाट ठेवा, गुंडाळून नाही. पुढच्या वेळी, सेंटर बदललं तरी, हेच पाकीट घेऊन जायचं. मधल्या काळात काही वेगळं जाणवलं तर त्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.